आमची पॅलिओ

आमच्या घरी एक मोटार आहे, आणि तिच्याविषयी आमच्या सौभाग्यवतींचे मत प्रथमपासूनच फारसे अनुकूल नाही. इतरांच्या घरी माणसे मोटारीत बसतात, आमच्या घरी माणूस मोटारीच्या खाली असतो, असे त्या आल्यागेल्यास सांगतात. ह्या विधानात अतिशयोक्ती आहे, पण ती थोडीच आहे. सुरतेत अडाजण भागातील आमच्या इमारतीत रविवारी सकाळी जो कोणी आम्हांस भेटावयास येई, त्यास तळमजल्यावर प्रथम आमचे पाय दिसत, आणि दोन-तीन हाका मारल्यावर मग आम्ही.

ही मोटार फियाटची पॅलिओ, आणि तीही १.६ जीटीएक्स ह्या जातीची. जाणकारांस एवढ्यावरूनच आमच्या स्वभावाची पारख होईल. इतरांसाठी थोडे सांगावयास हवे. २००१ साली ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली. त्या काळी आपल्याकडील लहान मोटारींची सारी कीर्ती काटकसरीवर उभी होती. लिटरमागे किती चालते हा पहिला प्रश्न, आणि पुष्कळदा तोच शेवटचा. अशा दिवसांत ह्या आटोपशीर गाडीत १५९६ घनसेंटिमीटरचे, सोळा झडपांचे आणि शंभर अश्वशक्तीचे इंजिन बसवून ती विकावयास ठेवणे हे व्यापारी दृष्टीने शहाणपणाचे होते की नाही हे आम्ही सांगू शकत नाही, परंतु आमच्यासारख्यांवर मोठे उपकार झाले. तिचे रूप जॉर्जेत्तो जुजारो ह्या इटालियन रचनाकाराच्या हातचे. दार लावले की जुन्या पेढीची तिजोरी मिटल्यासारखा भरीव आवाज येतो. पेट्रोलच्या बाबतीत मात्र तिचा हात सढळ. शहरात लिटरमागे नऊ-दहा किलोमीटरच्या पुढे तिने आम्हांस कधी नेले नाही.

पॅलिओ हे नाव इटलीतील सिएना नगरातल्या घोड्यांच्या शर्यतीवरून आलेले आहे. ही शर्यत वर्षातून दोनदा, जुलैत व ऑगस्टात, गावच्या मुख्य चौकात होते, आणि स्वार खोगिराशिवाय बसतात. तिचा एक नियम मोठा गमतीचा आहे. वाटेत स्वार पडला आणि घोडा एकटाच पुढे धावत गेला, तरी तो विजयी ठरू शकतो. हा नियम आम्ही एकदा हौसेने घरी वाचून दाखविला. त्याचा आम्हांसच पुढे किती उपयोग होणार होता, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

फियाटचे हे वेड आमच्यात वडिलांकडून आले. गिरगावात असताना त्यांच्याजवळ जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली फियाट ११०० होती. जिच्या फुगीर नाकाडामुळे मुंबईकर तिला सरळ ‘डुक्कर फियाट’ म्हणत. तीही कुर्ल्याचीच, वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची. वैशाखातल्या उन्हात घाट चढताना तिच्या पेट्रोलपंपात पेट्रोलची वाफ अडकून गाडी उभी राही. मग वडील बॉनेट उघडीत आणि आम्ही ओले फडके पिळून पंपावर गुंडाळीत असू. दहा मिनिटांत गाडी चालू होई. यंत्र रुसते, त्यामागे काही कारण असते, आणि ते कारण दहा वर्षांच्या पोरालाही दूर करता येते, ही गोष्ट त्या ओल्या फडक्याने आम्हांस शिकविली. पुढे नोकरीनिमित्त हजिऱ्याच्या एका कारखान्यात आलो, सुरतकर झालो, आणि २००२ साली पॅलिओ घेतली. त्या वेळी सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करीत. आमच्या सौभाग्यवतींनी खरेदीस रुकार दिला तो त्या चेहऱ्याकडे पाहून, अशी आमची समजूत आहे.

पहिली चार वर्षे गाडीने आमच्याकडून काही मागितले नाही. तेल बदलावे, गाळणी बदलावी, प्लग साफ करावे, इतके आम्ही घरी करीत असू, आणि तेवढ्यावरच स्वतःस मोठे यंत्रज्ञ समजत असू.

२००६ च्या ऑगस्टात तापी शहरात शिरली. सुरतेच्या वर सुमारे शंभर किलोमीटरांवर उकाईचे धरण आहे. पावसाने ते भरत आले, आणि सोडलेला विसर्ग वाढत वाढत नऊ लाख क्युसेकच्या घरात गेला. ७ ऑगस्टला पाणी आमच्या रस्त्यावर आले. ९ तारखेस नारळी पौर्णिमा. खाली समुद्राला भरती, वरून नदीचा लोंढा, मध्ये हे गाव. आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो म्हणून जिवास धोका नव्हता. जिन्यातून खाली पाहिले तेव्हा चाके बुडाली होती. संध्याकाळी काचा बुडाल्या. रात्री विजेरीच्या उजेडात गाडीचे छपरही दिसेना. ज्यांची घरे तळमजल्यावर होती त्यांचे जे गेले त्यापुढे मोटारीचे दुःख करणे लाजिरवाणे होते, आणि आम्ही ते केले नाही. दिवसभर वरच्या मजल्यांवर शेजाऱ्यांचे सामान नेणे, पिण्याचे पाणी मोजून वाटणे, हेच काम होते. परंतु रात्री झोप लागत नसे तेव्हा डोळ्यांपुढे ते छप्पर येई, हे नाकारून काय उपयोग?

पाणी ओसरले आणि गाळ राहिला. तापीचा तो गाळ ज्याने उपसला आहे त्यास त्याचे वर्णन सांगावयास नको. गाडी आपली जागा सोडून तरंगत जाऊन खांबाला टेकली होती. आत बाकांवर चार बोटे चिखल बसला होता.

शेजारच्या एका गृहस्थांनी त्याच दिवशी आपल्या गाडीस किल्ली फिरविली. आतून एक ‘कट’ असा आवाज आला आणि सारे शांत झाले. त्याचे कारण सोपे आहे. इंजिनाच्या नळकांड्यात हवा असेल तर दट्ट्या तिला दाबू शकतो. पाणी असेल तर ते दबत नाही, दट्ट्या मात्र मागून रेटला जातो, आणि मधला दांडा वाकतो. बुडालेल्या गाडीस मरण पुरापेक्षा किल्लीने अधिक येते. आम्ही प्रथम बॅटरीची तार सोडविली आणि किल्ली सौभाग्यवतींच्या स्वाधीन केली. मोह टाळण्याचा ह्याहून खात्रीचा उपाय आम्हांस ठाऊक नाही.

एका कार्यशाळेतून माणूस येऊन पाहून गेला. त्याच्या हिशेबाने दुरुस्तीस गाडीच्या किमतीहून अधिक खर्च होता, आणि नंबर लागावयास काही महिने. त्याचाही नाइलाज होता. सारे शहरच त्याच्या दाराशी उभे होते. तेव्हा आम्ही ठरविले की, नाहीतरी भंगारातच जावयाची, तर आपल्या हातून जाऊ दे.

पुढले सात आठवडे कामावरून आल्यावर आमचा मुक्काम तळमजल्यावर. चारी प्लग काढले. पुढचे एक चाक जॅकने उचलून गाडीखाली लाकडी ठोकळे दिले (नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कोणीही गाडीखाली जाऊ नये), गिअर पाचवा टाकला, आणि ते चाक हातांनी हळूहळू फिरविले. चाकाबरोबर इंजिन फिरू लागले आणि प्लगच्या भोकांतून गढूळ पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. त्या वेळचा आनंद कसा सांगावा? इंजिन फिरते आहे, म्हणजे आत काही वाकलेले नाही. तेलाचे बूच उघडले तर तेलाऐवजी दुधाळ चहासारखे काही तरी आले. ते सारे काढून स्वस्त तेल भरले, फिरविले, पुन्हा काढले. असे तीनदा केले तेव्हा कुठे तेल तेलासारखे दिसू लागले. तिसऱ्या वेळी उत्साहाच्या भरात बूच इतके आवळले की आटे गेले, आणि नवे आटे पाडून घेण्यात एक रविवार खर्ची पडला. हाताच्या जोराला विद्या समजण्याची चूक आम्ही त्यानंतर केली नाही. निदान बुचाच्या बाबतीत नाही.

अवघड होता तो गाडीचा मेंदू. ह्या गाडीत पेट्रोल किती द्यावे व ठिणगी केव्हा पाडावी हे एक इलेक्ट्रॉनिक पेटी ठरविते. वडिलांच्या फियाटमध्ये ते काम कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्यूटर करीत. त्यांची कला डोळ्यांस दिसत असे. ह्या पेटीपुढे ओल्या फडक्याची विद्या चालत नाही. आम्ही ती उघडली, आतील पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलाने मऊ कुंचल्याने धुतली, आणि कन्येचे केस वाळविण्याचे यंत्र गार हवेवर ठेवून तीन दिवस वाळविली. तारांचे सांधे किती होते ते आम्ही मोजू लागलो व सोडून दिले. प्रत्येक उघडून, हिरवट गंज खरवडून, पुसून पुन्हा जोडला. स्टार्टर आणि अल्टरनेटर उधन्याच्या मिस्त्रीकडे दिले. हा मिस्त्री खानदेशातला, सुरतेत जन्म काढलेला. त्याच्याशी आमचा परिचय येथूनच झाला.

नवरात्र आले तेव्हा काम संपत आले होते. खंडेनवमीला हत्यारे पुजावयाची आणि त्या दिवशी ती वापरावयाची नाहीत, हा आपला शिरस्ता. आमच्या घरी तोवर पूजेत विळी, कात्री आणि आमचे लेखणीचे पेन एवढेच असे. त्या वर्षी सौभाग्यवतींनी, आम्ही न सांगता, आमचे पाने धुऊनपुसून पाटावर मांडले आणि त्यांस हळदकुंकू वाहिले. सतरा नंबरचा पाना झेंडूच्या फुलाखाली झाकून गेला होता. आम्ही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी, २ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या सकाळी त्यांनी किल्ली परत दिली. इंजिन चौथ्या प्रयत्नास चालू झाले. पांढऱ्या धुराने सारी इमारत भरून गेली, आणि दुसऱ्या मजल्यावरून आमच्या कुळाचा उद्धार ऐकू आला. परंतु इंजिन चालू होते.

येथे गोष्ट संपली असती तर आम्ही ती पुढील वीस वर्षे प्रत्येक पाहुण्यास सांगितली असती. पण एक काम राहिले होते: ब्रेक. ब्रेकचे तेल पाणी शोषून घेते. बुडालेल्या गाडीत ते बदलावेच लागते, आणि बदलताना नळ्यांत हवेचा बुडबुडा राहू देता कामा नये. तेल दबत नाही, हवा दबते. म्हणून हवा राहिली की पायाचा जोर चाकापर्यंत पोचत नाही. ह्या कामास दोन माणसे लागतात. एकाने पेडल दाबून धरावयाचे, दुसऱ्याने चाकाजवळचे निपल उघडून तेल व हवा बाहेर सोडावयाची, निपल आवळावयाचे, आणि मगच पहिल्याने पाय उचलावयाचा. क्रम चुकला की बाहेरची हवा आत ओढली जाते. सौभाग्यवतींनी ह्या कार्यास नकार दिल्यामुळे आम्ही शेजारच्या आठवीतल्या मुलास बसविले. ‘दाब’ म्हटले की दाबावयाचे, ‘सोड’ म्हटले की सोडावयाचे. तीन चाके ठीक झाली. चौथ्या चाकाशी अंधार पडत आला होता, पाठ भरून आली होती, आणि निपल पुरते आवळण्यापूर्वीच आमच्या तोंडून ‘सोड’ निघून गेले. मुलाने सांगितल्याप्रमाणे सोडले. त्याचा काही दोष नव्हता.

पेडल किंचित मऊ लागते हे आम्हांस त्याच रात्री कळले होते. हे वाक्य लिहावयास आम्हांस अजूनही जड जाते. आम्ही मनाशी म्हटले, नवे तेल आहे, बसेल. बुडालेली गाडी जिवंत केलेला माणूस एवढ्याशा मऊपणास काय मोजतो!

दोन दिवसांनी अठवा भागातून एका लग्नाचे जेवण आटोपून आम्ही दोघे परतत होतो. सरदार पुलाच्या उतारावर, अडाजणच्या बाजूस, पुढे साड्यांच्या गठ्ठ्यांनी लादलेला एक टेम्पो अचानक थांबला. आम्ही पेडल दाबले आणि ते थेट खाली गेले. दुसऱ्यांदा दाबले, तिसऱ्यांदा दाबले. एकीकडे गिअर खाली ओढला, दुसरीकडे हातब्रेक. गाडी थांबली तेव्हा आमचे नाक आणि टेम्पोचे फळकूट ह्यांत वीतभर अंतर होते. सौभाग्यवतींच्या मांडीवरचा लाडवांचा पुडा पायांशी पडला होता. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आमच्या घरच्या कोंकणीत एवढेच म्हणाल्या, “पुरो आतां तुमचें मिस्त्रीपण.” आणि थोड्या वेळाने, समोर पाहत: “त्या घोड्यार मनीस नासलो तरी घोडो जिखता, न्हय?”

त्या रात्री गाडी गिअरवर, मुंगीच्या चालीने घरी आणली. सकाळी उधन्याचा मिस्त्री आला, पेडलवर एकदा पाय ठेवला आणि म्हणाला, “काका, मागच्या डाव्या चाकात हवा राहिलीय. हे तुम्हाला कळलं नाही?” आम्ही कळले नाही असे सांगितले. ते खोटे होते, आणि त्याच्या चेहऱ्यावरून त्यास ते ठाऊक असावे. गाडी जिवंत केल्याचा आमचा सारा तोरा त्या वीतभर अंतरात गेला. सात आठवडे आम्ही गाडीचे बारीकसारीक आवाज ऐकण्यात घालविले होते. पण आपल्या मनास जे ऐकावयाचे नव्हते ते तेवढे वगळले होते.

तेव्हापासून घरात एक नियम झाला. तो सौभाग्यवतींनी केला आणि आम्ही त्यावर हरकत घेतली नाही. गाडीचे बाकी काम आम्ही खुशाल करावे. ब्रेक, सुकाणू आणि चाके ह्यांस आमचा हात लागला तर मिस्त्रीने येऊन पाहावे, चालवून पाहावे, आणि वहीत सही करावी. ती सही पाहिल्यावाचून त्या गाडीत पाऊल ठेवणार नाहीत. ह्यासाठी लाल बांधणीची एक वही घातली. तारीख, किलोमीटर, काम, लागलेले सामान आणि शेवटच्या रकान्यात सही.

पुढच्या वर्षांचा इतिहास त्या वहीत आहे, तो सगळा येथे उतरवून वाचकांस शिणवीत नाही. टायमिंग बेल्टविषयी तेवढे सांगतो, कारण तेथे आमची परीक्षा पुन्हा झाली. ह्या इंजिनात झडपांची उघडझाप एका दातेरी रबरी पट्ट्यावर चालते. पट्टा तुटला, किंवा दोन-चार दाते सरकून बसला, तर झडपा दट्ट्यांवर आदळतात आणि इंजिन एका क्षणात निकामी होते. पट्टा वरून चांगला दिसतो आणि न सांगता तुटतो, म्हणून तो मुदतीवर बदलावयाचा. त्या सामानासाठी आम्ही पहाटेच्या फ्लाइंग राणीने मुंबईस जात असू, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील दुकानांतून हिंडत असू, आणि संध्याकाळच्या त्याच गाडीने परतत असू. तिचे दुमजली डबे २०२३ साली निघाले. आमच्या मांडीवर पट्टा, टेन्शनर आणि वडापाव असा प्रवास वरच्या मजल्यावर पुष्कळदा झाला आहे. पट्टा काढण्यापूर्वी चक्रांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या. नवा चढविल्यावर किल्ली न लावता इंजिन दोन पूर्ण फेरे हातांनी फिरविले, आणि खुणा पुन्हा जुळतात का ते पाहिले. एका दात्याचा फरक आहे अशी शंका आली. शंकाच होती, उजेड कमी होता आणि आमचे डोळे पन्नाशीचे. पूर्वीचे आम्ही असतो तर ‘असू दे’ म्हटले असते. सारे पुन्हा उकलले. फरक खरोखरच एका दात्याचा होता.

मध्यंतरी २०११ साली सुरतेत एक वार्ता पसरली. ब्रॅडमन ह्यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल तेंडुलकरांस २००२ साली फियाटकडून जी फेरारी ३६० मॉडेना मिळाली होती, ती सुरतेच्या एका उद्योजकाने विकत घेतली. त्या काळी फेरारी हे फियाटच्याच घरचे अपत्य होते. म्हणजे तेंडुलकरांनी जिची जाहिरात केली ती आणि त्यांस जी मिळाली ती, अशा दोन्ही बहिणी तापीकाठी नांदू लागल्या. आम्ही हे मिस्त्रीस मोठ्या अभिमानाने सांगितले. त्याने विचारले, “तिचं ऑइल कोण बदलतं?” ह्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

फियाटने २०१९ साली भारतातील मोटारींचे उत्पादन थांबविले. सामान दुर्मिळ झाले. सिएना, पेट्रा, अ‍ॅडव्हेंचर ह्या तिच्या भावंडांचे भाग शोधून बसवावे लागतात. अलीकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले. इथेनॉल जुन्या रबरास मऊ करते व पाणीही ओढून घेते. सुरतेच्या पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीत काय साचेल ह्याची काळजी वाटते. म्हणून इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या आम्ही सगळ्या काढल्या आणि इथेनॉलास टिकणाऱ्या नव्या घातल्या. हे काम करताना गुडघ्यांनी असहकार पुकारला. तो आठवीतला मुलगा आता स्वतः इंजिनीअर आहे. सुटीत आला होता, तोच खाली गेला आणि आम्ही वरून विजेरी धरली. नळी लावताना त्याने खालून ओरडून विचारले, “काका, सोडू?” आम्ही वाकून, पट्टी पुरती आवळली आहे की नाही हे पाहिले, आणि मगच ‘सोड’ म्हटले. नळ्यांमधून पेट्रोल गळत नाही हे आम्ही दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ पांढरे फडके फिरवून पाहिले.

गेल्या कार्तिकात आम्ही ह्याच गाडीने कुलदेवतेच्या दर्शनास गोव्यास गेलो. सुरत ते मुंबई, मुंबईत कन्येकडे एक मुक्काम, मग कोंकणातून खाली. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मिस्त्री येऊन गेला. आता त्याचेही केस पिकले आहेत. त्याने गाडी सरदार पुलावरून फिरवून आणली, खाली वाकून चारी चाकांशी पाहिले आणि वहीत सही केली. सकाळी सामान भरून झाले, नारळ वाढविला, आम्ही सुकाणूपाशी जाऊन बसलो. सौभाग्यवती दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, वही मागून घेतली, शेवटच्या पानाचा शेवटचा रकाना पाहिला, तारीख कालचीच आहे ना ते पाहिले, वही मिटली आणि मग आत आल्या.